वॉशी कागद असतो तरी काय? अन् त्यापासून हातानं केलेलं पत्र भंडाऱ्याच्या पोस्टातून कसं पाठवायचं?

दिवाळीच्या सकाळी मोबाईल उघडला की शुभेच्छांचा पूर आलेला असतो. तेच दिवे, त्याच पणत्या, त्याच चार ओळी. पाठवणाऱ्यानं एक बोट दाबलेलं असतं, घेणाराही एका बोटानं पुढे सरकवतो. आठवडाभरानं त्यातली एकही शुभेच्छा कुणाला आठवत नाही.

आता दुसरं चित्र बघा. दारात पोस्टमन येतो. त्याच्या हातात एक कार्ड असतं. कार्डावर पळसाच्या फुलासारखा केशरी कागद चिकटवलेला आहे. कागदाच्या कडा कापलेल्या नाहीत, फाडलेल्या आहेत, अन् त्यातून कापसासारखे तंतू बाहेर आलेत. त्यावर कोशाचा एक धागा, खाली शाईनं लिहिलेल्या दोन ओळी, वर तिकीट अन् तिकिटावर भंडारा पोस्टाचा शिक्का.

हे कार्ड कुणी कचऱ्यात टाकत नाही. ते आरशाच्या कडेला खोचलं जातं, नाहीतर कपाटात साडीच्या घडीखाली जाऊन बसतं.

अशा पत्राला जगभर मेल आर्ट म्हणतात. ते करायला अनेक जण वॉशी नावाचा जपानी कागद वापरतात. इन्स्टाग्रामवर त्याचे रील्स भरपूर आहेत, पण वॉशी नेमका काय असतो, तो इतका भाव का खातो आणि धानाच्या कोठारात, म्हणजे आपल्या भंडाऱ्यात बसून हे कसं करता येईल, हे रीलच्या ३० सेकंदांत कुणी सांगत नाही. तेच समजून घेऊ.

मेल आर्ट म्हणजे काय?

सोपी व्याख्या अशी की जे पोस्टानं पाठवण्यासाठीच केलं जातं आणि पोस्टातून जाणं हाच ज्याचा एक भाग असतो, ती मेल आर्ट. तिकीट, शिक्का, प्रवासात पडलेली सुरकुती, पोस्टमननं पेननं केलेली खूण, हे सगळं त्या चित्रात मोजलं जातं. घरी करून घरीच भिंतीवर लावलं तर ते चित्र. पेटीत टाकलं की मेल आर्ट.

ही चळवळ ज्याच्या नावाशी जोडली जाते तो अमेरिकन कलावंत म्हणजे रे जॉन्सन. १९५० च्या दशकापासून तो ओळखीच्या-अनोळखीच्या लोकांना पोस्टानं कोलाज पाठवायचा. त्यातल्या अनेकांवर सूचना असायची, की यात तुमची भर घाला आणि परत पाठवा किंवा पुढच्या माणसाला पाठवा. यातून लोकांचं एक जाळंच तयार झालं. गॅलरी नाही, परीक्षक नाहीत, विक्री नाही. आज ज्याला आपण नेटवर्क म्हणतो ते तिकिटं चिकटवून उभं केलं होतं.

जपानी कलावंतांचाही यात मोठा वाटा आहे. ओन कावारा या चित्रकारानं १९६८ ते १९७९ या काळात, ज्या गावात असेल तिथून, रोज दोन पिक्चर पोस्टकार्डं पाठवली. त्यावर रबरी शिक्क्यानं एवढंच छापलेलं असायचं, की आज मी अमुक वाजता उठलो. बस. चिएको शिओमी या संगीतकार बाईनं १९६५ ते १९७५ मध्ये जगभरच्या लोकांना पत्रातून छोट्या कृती करायला सांगितल्या आणि आलेली उत्तरं जोडून एक अख्खी कलाकृती उभी केली. तिचं नाव ‘स्पेशियल पोएम’.

या प्रयोगांहून घरगुती प्रकार जपानमध्ये आहे, तो म्हणजे एतेगामी. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘तेगामी’ म्हणजे पत्र. वॉशीच्या कार्डावर ब्रशनं एखादी भाजी, एखादं फूल काढायचं, दोन शब्द लिहायचे आणि पाठवून द्यायचं. कोइके कुनिओ यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. तिचा पहिला नियमच असा आहे, की चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, उलट तेच चांगलं. चित्रकला येत नाही हे कारण इथे चालत नाही.

आपल्याकडे नाही का असं? आहे ना. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस विद्यार्थ्यांना आणि आप्तांना पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवत. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट ज्यांच्या देखरेखीखाली झाली, तेच हे नंदलाल बोस. आणि सेवाग्रामला राहणारे गांधीजी आलेली पाकिटं उलटी उघडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. त्यांनी त्याला कला म्हटलं नाही, पण आज मेल आर्ट करणारे नेमकं हेच करतात.

वॉशी म्हणजे तांदळाचा कागद का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात आधी काढून टाकू, कारण भंडाऱ्याच्या माणसाला तो पटकन पटू शकतो. दुकानात, वेबसाईटवर वॉशीला सर्रास ‘राईस पेपर’ म्हणतात. पण वॉशीचा धानाशी तसा संबंध नाही.

‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘शी’ म्हणजे कागद. हा कागद मुख्यतः तीन झुडपांच्या सालीपासून होतो. त्यांची नावं कोझो, मित्सुमाता आणि गाम्पी. यातला कोझो सगळ्यात जास्त वापरला जातो. कोझो हा आपल्या तुतीच्या कुळातला आहे. रेशमाच्या किड्यांना पाला घालण्यासाठी जी तुती लावतात, तिचा हा चुलतभाऊ समजा. (भंडाऱ्याचा कोसा मात्र तुतीवरचा नव्हे. तो ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा.)

जाद मुद्दा तंतूच्या लांबीचा आहे. शाळेची वही किंवा झेरॉक्सचा कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्यातले तंतू साधारण १ ते ३ मिलिमीटर लांब असतात. कोझोच्या सालीतले तंतू १० मिलिमीटरच्या आसपास जातात. आखूड काड्यांची पेंढी आणि लांब तणसाचा दोर यात जो फरक, तोच या दोन कागदांत. म्हणून वॉशी पातळ असूनही सहज फाटत नाही आणि फाडला तर त्याच्या कडेला ते लांब तंतू केसांसारखे मोकळे होतात.

हा कागद बनतो कसा? यात भेंडी कुठून आली?

काम थंडीत सुरू होतं. कोझोच्या फांद्या तोडून वाफवतात, साल सोलतात, वरची काळी पापडी खरवडून काढतात. आतली पांढरी साल राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात शिजवतात. मग ती वाहत्या पाण्यात धुवून, एकेक कचरा, एकेक काळा ठिपका हातानं वेचून काढतात. हे काम घरातल्या बायका तासन्‌तास वाकून करत आल्या आहेत. आपल्याकडे तांदूळ निवडतात तसंच, फक्त बर्फासारख्या पाण्यात हात घालून.

नंतर साल कुटून तिचे तंतू सुटे करतात आणि पाण्याच्या हौदात टाकतात. आता खरी गंमत. त्या पाण्यात एका मुळाचा बुळबुळीत रस मिसळतात. त्याला नेरी म्हणतात. हे मूळ ज्या झाडाचं असतं ते तोरोरो-आओई म्हणजे आपल्या भेंडीची सख्खी बहीणच. भेंडी चिरताना जो चिकट बुळबुळीत धागा निघतो, तसलाच रस. पण तो इथे चिकटवायचं काम करत नाही. तो पाण्याला जडपणा देतो, त्यामुळे लांब तंतू एकमेकांत गुंतून गोळा होत नाहीत, सगळीकडे सारखे तरंगत राहतात.

मग बांबूच्या बारीक काड्यांची जाळी चौकटीत बसवून हौदात बुडवायची, वर काढायची, पुढे-मागे हलवायची, पाणी सांडायचं, पुन्हा बुडवायची. असे तंतूंचे थर एकावर एक बसत जातात. ओला कागद दुसऱ्या ओल्या कागदावर सरळ ठेवतात, मधे कापड लागत नाही, आणि दाबून पाणी काढल्यावर एकेक कागद अलगद सुटा होतो. शेवटी तो लाकडी फळीवर ब्रशनं पसरून उन्हात वाळवतात.

२०१४ मध्ये युनेस्कोनं या हस्तकलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात तीन ठिकाणचे कागद आहेत : शिमाने प्रांतातला सेकिशू-बान्शी, गिफूतला होन-मिनोशी आणि साईतामातला होसोकावा-शी.

टिकतो तरी किती?

जपानमधल्या नारा शहरात शोसोइन नावाचं जुनं भांडार आहे. तिथे इ. स. ७०२ मधल्या कुटुंबनोंदणीचे कागद आजही आहेत. म्हणजे १३०० वर्षांहून जुने. याउलट ३०-४० वर्षांपूर्वीची स्वस्त कादंबरी उघडा. पानं पिवळी पडून दुमडली की तुटतात. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल राहतं आणि ते कागदाला आतून खात जातं. वॉशीत ही भानगड फार कमी असते. म्हणूनच जुनी हस्तलिखितं दुरुस्त करणारे तज्ज्ञ फाटलेल्या पानावर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतक्या पातळ वॉशीची पट्टी लावतात.

त्याच्या ताकदीची एक कडू गोष्टही आहे. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ दरम्यान, जपाननं सुमारे ९,३०० फुगे अमेरिकेच्या दिशेनं सोडले. त्यांना बॉम्ब टांगलेले होते. फुग्यांचं अंग वॉशीचं होतं. कागदाचे थर कोन्न्याकू नावाच्या कंदाच्या पिठानं चिकटवले होते. कोन्न्याकू हा आपल्या सुरणाचा भाऊबंद. हे चिकटवण्याचं काम शाळकरी मुलींकडून करून घेतलं गेलं. अख्खा प्रशांत महासागर ओलांडून काही फुगे पलीकडे पोचले. ५ मे १९४५ ला ओरेगन राज्यात त्यातल्या एकाच्या स्फोटात ५ मुलं आणि एक गर्भवती बाई मेली.

ज्या कागदावर एका घरातून दुसऱ्या घरी निरोप जायचा, तोच कागद कुणाच्या तरी अंगणात मरण घेऊन गेला. कागद ताकदवान आहे, त्यावर काय पाठवायचं हे माणसानं ठरवायचं असतं.

आपल्याकडे हातकागद नव्हता का?

होता, आणि चांगला होता. पेशवाईच्या काळात जुन्नरी आणि दौलताबादी कागदाला नाव होतं. वेरूळकडे जाताना दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव लागतं. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या काळात कागदी कारागीर इथे येऊन वसले असं मानतात. गावाचं नावच त्यांच्या धंद्यावरून पडलं.

गिरणीचा कागद आला आणि हे सगळं मागे पडलं. ते पुन्हा उभं करायचा प्रयत्न विदर्भातच झाला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे मुख्य सूत्रधार. मगनवाडीत घाणीचं तेल, मधमाश्या, साबण यांच्या जोडीनं हातकागदाचंही काम चालायचं. पुढे १९४० मध्ये पुण्यात के. बी. जोशी यांच्या पुढाकारानं हातकागद संस्था उभी राहिली. तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो.

आपल्या सुती हातकागदात आणि वॉशीत फरक आहे. सुती कागद जाड, भरीव, खडबडीत. पोस्टकार्डाचा पाया म्हणून तो झकास. वॉशी पातळ, अर्धवट पारदर्शक, कापडासारखा. म्हणजे दोघांची जोडी जमते. खाली पुण्याचा किंवा सांगानेरचा सुती कागद, वर जपानी वॉशी.

भंडाऱ्यात बसून करायचं तर काय काय लागेल?

भंडारा, तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या स्टेशनरीच्या दुकानात वॉशी मिळेल अशी आशा धरू नका. तो ऑनलाईन किंवा मोठ्या शहरांतल्या कलासाहित्याच्या दुकानांतून मागवावा लागतो. घेताना ‘कोझो’ हा शब्द शोधा. ‘राईस पेपर’ एवढंच लिहिलेलं असेल तर तंतू कशाचे ते विचारा.

कागद महाग वाटेल. पण हिशेब करा. वॉशीचा एक ताव साधारण ६० बाय ९० सेंटीमीटर धरला आणि कार्ड १४ बाय ९ चं ठेवलं, तर एका तावात ३६ तुकडे बसतात. फाडताना कडा वाया जातात म्हणून ३० धरा. शिवाय अख्खं कार्ड झाकायची गरज नसते. अर्ध्या कार्डावर लावलात तर एका तावात ६० पत्रं.

बाकी सामान घरचंच :

• पायासाठी जाड सुती हातकागद किंवा २५० ते ३०० जीएसएमचा कार्डशीट
• मऊ ब्रश, वाटीभर पाणी, पट्टी
• मैद्याची किंवा तांदळाची खळ
• जुनी वर्तमानपत्रं, बटर पेपर आणि वजनाला चार जाड पुस्तकं
• सजावटीला जे गावचं असेल ते

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबा. जपानी कागदावर जपानी चेरीचं फूल काढून भंडाऱ्याहून पाठवलं, तर त्यात भंडाऱ्याचं काय राहिलं? कोसा विणणाऱ्या आंधळगाव-मोहाडीच्या भागात धाग्याचे तुकडे उरतात. शिवारात तणस आहे. फाल्गुनात पळस फुलतो, त्याच्या फुलांचं पाणी काढलं की केशरी-पिवळा रंग मिळतो. वैनगंगेचं वळण, मामा तलावाची पाळ, पितळी लोट्याचा आकार, धानाची एक लोंबी. यातलं काहीही कार्डावर आलं की पाठवणाऱ्याचं गाव पत्ता न वाचता कळतं.

फक्त पळसाचा रंग उन्हात उडतो हे लक्षात ठेवा. कार्ड खिडकीत ठेवू नकोस, असं आतच लिहून टाका.

आता कृती

१. पाया कापा. सरकारी पोस्टकार्डाचा आकार साधारण १४ बाय ९ सेंटीमीटर असतो. तोच घ्या. आकार वेगळा केला की पाकीट, तिकीट, सॉर्टिंग सगळीकडे अडतं.

२. वॉशी फाडा, कापू नका. जिथे फाडायचं तिथे ब्रशनं पाण्याची रेघ ओढा. अर्धा मिनिट थांबा. मग दोन्ही बाजूंनी हळूच ओढा. कागद त्या रेघेवर सुटतो आणि कडेला लांब तंतूंची झालर येते. चिकटवल्यावर ही झालर खालच्या कागदात मिसळून जाते. कात्रीनं कापलेली कड मात्र ठिगळासारखी उठून दिसते.

३. खळ करा. एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत राहा. पारदर्शक झाली की उतरवा, गार करा, गाळून घ्या. जपानमध्ये शिजलेला भात घोटूनही चिकी करतात. भंडाऱ्याच्या घरात भात उरत नाही असं होत नाही, तेव्हा हा प्रयोगही करून बघा. जुने बाईंडर खळीला बुरशी लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायचे. तुम्ही घालू नका, ते विष आहे आणि हे कार्ड कुणाच्या तरी घरात, लहान मुलांच्या हातात जाणार आहे. खळ रोज ताजी करा, उरलेली फेकून द्या.

४. चिकटवा. खळ दुधाइतकी पातळ करून वॉशीच्या मागे ब्रशनं लावा. ओला कागद ताणला जातो, म्हणून घाई नको. कार्डावर ठेवा आणि कोरड्या ब्रशनं मधून कडेकडे दाबत जा. कोशाचा धागा किंवा तणसाची चपटी काडी घालायची असेल तर ती वॉशीच्या खाली ठेवा. पातळ कागदातून ती धूसर दिसते आणि प्रवासात निघूनही येत नाही.

५. वजनाखाली ठेवा. वर-खाली बटर पेपर, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पुस्तकं. रात्रभर. हे टाळलं तर कार्ड पापडासारखं वळतं. तरीही वळत असेल तर मागच्या बाजूलाही एक साधा पातळ कागद चिकटवा. दोन्ही बाजूंचा ताण सारखा झाला की कार्ड सरळ राहतं. आषाढ-श्रावणात एक रात्र पुरत नाही, दोन दिवस धरा.

६. लिहा. वॉशीवर शाईचं पेन टेकवलं की शाई फुटते. एतेगामीवाले मुद्दाम हा फुटवा वापरतात. पण निरोप वाचता यायला हवा असेल तर बॉलपेन किंवा पेन्सिल घ्या, नाहीतर मजकुरासाठी जागा साध्या कागदाची सोडा. पत्ता वॉशीवर कधीच लिहू नका. कार्डाच्या उजव्या अर्ध्या भागात, कोऱ्या जागेवर, ठळक अक्षरात लिहा.

७. परीक्षा घ्या. ओलसर बोट कार्डावर फिरवा. रंग बोटाला लागला तर तो दुसऱ्याच्या पत्रालाही लागेल. कार्ड हलकं वाकवा. काही सुटलं तर पुन्हा खळ. या परीक्षेत नापास झालेलं कार्ड पाकिटात घालूनच पाठवा.

पोस्टाचे नियम काय?

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला सुरू झालं. सरकारी कार्डाची किंमत ५० पैसे. पण घरी केलेल्या कार्डावर तिकीट छापलेलं नसतं, ते आपल्याला लावावं लागतं. हातानं केलेलं कार्ड जाड असतं, म्हणून ते उघडं जाईल की पाकिटातून, आणि तिकीट कितीचं, हे पोस्टाच्या खिडकीवर कार्ड दाखवूनच ठरवा. तिकीट कमी पडलं तर पत्र नॉटपेड होतं आणि घेणाऱ्याला पैसे भरून ते सोडवावं लागतं. भेट पाठवायची आणि दंड समोरच्याला, असं नको.

वजनाची मात्र काळजी नाही. ३०० जीएसएमच्या १४ बाय ९ च्या कार्डाचं वजन ४ ग्रॅमच्या आत भरतं. दोन्ही बाजूंना ४० जीएसएमचा वॉशी लावला तर आणखी १ ग्रॅम. पाकिटाचे ४-५ ग्रॅम धरले तरी सगळं मिळून १० ग्रॅमच्या आसपास. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो.

तिकिटावर चिकटपट्टी, वार्निश काही लावू नका. शिक्का तिकिटावर बसला पाहिजे. बटणं, टाचण्या, जाड मणी उघड्या कार्डावर नकोत. लाखेचा शिक्का मारायची हौस अनेकांना असते. पूर्वी लाखेनं बंद केलेल्या पत्रालाच लखोटा म्हणायचे, आणि ही लाख पळसावरच्या किड्यांपासून मिळते, तेव्हा तीही झाडीपट्टीला परकी नाही. पण लाख ठिसूळ असते. शिक्का पाकिटाच्या आत, पत्रावर मारा.

आणि पिनकोड विसरू नका. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखली एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर त्यांचं नाव. पोस्ट खात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. भंडाऱ्याचा पिनकोड ४४१९०४. यातला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. एकाच नावाची गावं महाराष्ट्रात डझनानं आहेत. तुमचं कार्ड त्यातल्या बरोबर गावाला जाणं या आकड्यांवर असतं.

वॉशी टेप म्हणजेही वॉशी का?

रील्समध्ये दिसणारी रंगीत वॉशी टेप ही वेगळी चीज आहे. जपानमधल्या कुराशिकीच्या कामोई काकोशी या कंपनीनं ती जगभर नेली. ही कंपनी १९२३ मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद बनवण्यासाठी सुरू झाली होती. रंगकामात लावायच्या त्यांच्या कागदी टेपचा सजावटीसाठी वापर करणाऱ्या तीन बायकांनी कारखाना बघू देण्याची विनंती केली आणि त्यातून २००८ मध्ये रंगीत टेप बाजारात आली. मूळ टेप जपानी कागदाचीच असते, पण यंत्रावर झालेल्या. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी बरीचशी ‘वॉशी टेप’ मात्र साध्या कागदाची किंवा चक्क प्लास्टिकची असते. ओळखायची खूण सोपी आहे. हातानं फाडा. सरळ फाटली आणि कडेला तंतू दिसले तर कागद. ताणली गेली तर प्लास्टिक.

एवढा खटाटोप कशासाठी?

एका कार्डाला दोन दिवस, वर पोस्टाचे तीन-चार दिवस. मेसेज दोन सेकंदांत जातो. मग कशाला?

एक कारण कारागिरांचं आहे. जपानमध्ये कागद करणारी घरं झपाट्यानं कमी झाली. कागद करणारा थांबला की त्याच्यासाठी बांबूची जाळी विणणारा थांबतो, कोझो लावणारा शेतकरी थांबतो. एकदा ही साखळी तुटली की युनेस्कोचं प्रमाणपत्र कागद बनवत नाही. भंडाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कोशाच्या साडीचंही असंच आहे. किडे पाळणारा, धागा काढणारी, माग चालवणारा, यातला एक जरी उठला तरी करवती काठ उरत नाही. जिथे विकत घेणारा असतो तिथेच हात टिकतो. म्हणून एक ताव वॉशी घेताना त्याबरोबर चार ताव आपला सुती हातकागदही घ्या.

दुसरं कारण पत्र घेणाऱ्याचं आहे. भंडाऱ्याच्या गावागावांतली मुलं नागपूरला, पुण्याला शिकायला आणि कामाला गेलेली आहेत. घरी फोन रोज होतो. पण फोन संपला की हातात काही उरत नाही. मोबाईल बदलला की जुने मेसेज जातात. कार्ड मात्र राहतं, आणि लिहिणारा माणूस गेल्यावरही राहतं. आजीच्या अक्षरातलं एक जुनं पोस्टकार्ड ज्या घरात सापडतं, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा पहिलं कार्ड वेडंवाकडं आलं तरी पाठवा. तसं ते येणारच. परत येईल याची हमी नाही, फोटो काढून ठेवायचा तर ठेवा. फोनमधली यादी उघडा, ज्याला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही असं एक नाव निवडा आणि त्याला पत्ता विचारा. पिनकोडासकट.